वाटणीसरांचा कान

सामना सहा-शून्य सुटला की वाटणीसर शिट्टी वाजवून मैदानाच्या मधोमध यायचे, डोक्यावरची माकडटोपी वर सरकवायचे आणि सगळ्यांच्या देखत स्वतःचा उजवा कान धरायचे. जिंकलेली पोरं नाचायच्या बेतात असायची, त्यांचे बाप मोबाइल काढून तयार असायचे, आणि हा सत्तरीकडे झुकलेला माणूस कान धरून उभा. "आज मॅच झाली नाई," ते म्हणायचे. "आज माही वाटणी हुकली. तुमी लोकं टाळ्या नका वाजवू." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. नंतर कळलं की त्या मैदानावर डोकं ठिकाणावर असलेला तेवढा एकच माणूस होता.

मैदान म्हणजे आमच्या लेआउटमधला मोकळा भूखंड. एका अंगाला हनुमानाचं देऊळ, दुसऱ्या अंगाला समाजभवन, मध्ये थोडं गवत आणि पुष्कळ खडे. दर रविवारी सकाळी आसपासची पोरंपोरी तिथे फुटबॉल खेळायची. खेळायची पोरं, पण घाम फुटायचा पालकांना. घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि गॉगल घेऊन ही मंडळी कडेला बसायची, आणि स्वतःच्या वरातीनंतर पाय न हलवलेले बाप "अबे पळ ना बे" म्हणून ओरडायचे. नागपूरच्या सदर भागात माझं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर मी लोकांची नजर तपासते. अनुभवाने सांगते, स्वतःच्या पोराकडे बघताना माणसाला जो नंबर लागतो त्याचं भिंग अजून निघालेलं नाही.

सर एका शाळेतून खेळाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि रविवारची वाट बघायचे. त्यांचं खरं आडनाव पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होतं, पण पोरांनी त्यांना वाटणीसर केलं ते त्यांच्या रीतीमुळे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते सगळ्या पोरांना अर्धा तास नुसतं खेळू द्यायचे आणि बाभळीखाली उभे राहून बघायचे. मग सगळ्यांत चांगली दोन पोरं घ्यायची, एक या रांगेत, एक त्या रांगेत. त्यानंतरची दोन, मग त्यानंतरची. असं करत करत दोन संघ उभे राहायचे, संत्रा आणि मोसंबी, एकाला नारिंगी बंड्या आणि दुसऱ्याला पिवळ्या. यात विशेष काही नाही, कुठलाही शिक्षक एवढं करील. विशेष पुढेच होतं. रांगा लावून झाल्या की सर दूर सरकायचे आणि मला हाक मारायचे, "ताई, उचला."

उचला म्हणजे दोन्हींपैकी एक संघ तुम्ही निवडा. मी निवडीन तो महिनाभर माझा. त्यांना पाणी द्यायचं, त्यांच्या बंड्या धुवायच्या, त्यांच्या बाजूने उभं राहायचं. उरेल तो सरांचा. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही आणि मी ते त्यांना आधीच सांगितलं होतं. "म्हनूनच तं तुमाले बोलावलं," ते म्हणाले. "ज्याले समजते तो घासाघीस कराले बसते." मला राग आला. पण सरांच्या बोलण्यावर राग धरायचा तर रविवारच बंद करावा लागला असता, म्हणून मी उचलायला लागले. बहुतेक वेळा ज्या बंड्या कमी मळलेल्या दिसत तो संघ मी उचलायची, आणि सरांना ते ठाऊक होतं. संघ इतके सारखे असायचे की त्याने काही बिघडत नसे.

ही रीत त्यांनी शाळेत शिकलेली नव्हती. नरखेड तालुक्यात त्यांच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. वडील गेले आणि दोघा भावांत हिस्से करायची वेळ आली. त्यांच्याकडे पद्धत अशी की मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. सरांनी वाटे पाडले. एका वाट्यात विहीर आली, तर दुसऱ्यात त्याच्या मोबदल्यात जास्त झाडं घातली. धाकट्याने विहिरीचा वाटा उचलला. पुढे उन्हाळे कडक होत गेले, सरांच्या वाट्यातली बोअर आटली आणि निम्मी झाडं वाळून गेली. "मग भावाकडे पाणी नाही मागितलं?" मी विचारलं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली होती. "काहून मागू? वाटे मीच केले. विहीर मले लहान वाटली, चुकी माही. वाटणाऱ्याले भोगावं लागलं पायजे ताई, तेव्हाच तो नीट वाटते."

मला त्यांचा भयंकर राग आला होता. सख्खा भाऊ, हाकेच्या अंतरावर पाणी, आणि हा माणूस स्वतःची झाडं वाळताना बघत बसला. इतका ताठा बरा नव्हे असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते हसले आणि खिशातून एक संत्रं काढून माझ्या हातावर ठेवलं. "घ्या. त्याच्याच बागेतलं आहे. दरसाली पोतं पाठवते तो. मी मांगत नाई, तो देते."

ते पोतं मैदानावर यायचं. मध्यंतराला दोन पोरांत एक संत्रं मिळायचं, आणि त्यातही रीत तीच. एकाने सोलायचं आणि दोन भाग करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचं. जोडीत एक संत्रा संघाचा आणि एक मोसंबी संघाचा असलाच पाहिजे. ती पोरं ज्या गांभीर्याने फाकी मोजायची, दोन तळहातांवर दोन भाग घेऊन वजन बघायची, त्या गांभीर्याने आमच्या लेआउटमध्ये कोणी मतदानही करत नाही. फाकी विषम निघाल्या तर मधली फाक दाताने तोडून दोन्हीकडे लावायची. किळसवाणा प्रकार होता, पण भांडण होत नसे. माझ्या लेकीने, गौरीने, ही पद्धत घरी आणली. डब्यात कोथिंबिरीची शेवटची सांबारवडी उरली की बाबांनी कापायची आणि तिने उचलायची. माझा नवरा, जो एरवी पोळीचा तुकडासुद्धा वाकडा तोडतो, सुरी घेऊन मोजमाप करायला लागला.

आता गौरीबद्दल. चष्म्याचं दुकान असलेल्या बाईची ही पोर, पण बॉल जवळ आला की डोळे मिटायची. हळू धावायची, उशिरा वळायची आणि फुटबॉलवर तिचा जीव होता. शाळेच्या संघाने तिला चाचणीतच घरी पाठवलं होतं. शाळेतल्या मैत्रिणी मधल्या सुट्टीत खेळायला घेत नसत. जोड्या लावताना सरांकडेही तिचं नाव शेवटच्या जोडीत यायचं, पण यायचं, आणि संघात आलेलं प्रत्येक पोर पूर्ण सामना खेळायचं हा सरांचा नियम होता. कडेला बसायला त्यांच्याकडे बाकच नव्हता. गौरीला पायात बॉल मिळेल अशी जगात ती एकच जागा होती, आणि म्हणून माझ्यासाठी तो म्हातारा महत्त्वाचा होता. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं बोलणं कोणाला तटस्थ वाटायला नको.

सरांमध्ये खोट होतीच. मुख्य म्हणजे चांगल्या खेळाडूचं कौतुक करताना त्यांची जीभ जड व्हायची. मैदानावरचा सगळ्यांत चांगला खेळाडू म्हणजे वेद. दहा-अकरा वर्षांचं चपळ पोरगं, पायात बॉल असा राहायचा की सुटायचं नाव नको. सर त्याच्याबद्दल म्हणायचे, "पाय चांगला आहे. पन मान नाई चांगली. आजूबाजूले पाहतच नाई." वेदने लागोपाठ तीन गोल केले की ते खेळ थांबवायचे आणि त्याची बंडी बदलायचे. "जा बे, आता तिकून खेळ." पहिल्या पहिल्यांदा वेद रडायचा. पुढे त्याला त्यात गोडी लागली. तीन गोल आपणच चढवायचे आणि मग पलीकडे जाऊन आपणच फेडायचे, हा खेळ त्याला जिंकण्यापेक्षा आवडायला लागला. हे त्या पोराला कळलं, त्याच्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

वेदचे वडील दातांचे डॉक्टर, लेआउटच्या क्रीडा समितीचे अध्यक्ष. समिती त्यांनीच काढली होती, म्हणून अध्यक्ष. स्वभावाने गोड माणूस, दात उपटतानासुद्धा हसतो. "आमचा वेद नॅचरल स्ट्रायकर आहे," हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे की शेवटी त्यांच्या कंपाउंडरलाही पाठ झालं. वेद आणि त्याचे दोन दोस्त एका संघात खेळले तर सदरच्या शाळांनासुद्धा लोळवतील, असं त्यांचं मत होतं. मत बरोबरच असावं. पण वाटणीसर या तिघांना कधी एका रांगेत येऊच द्यायचे नाहीत. डॉक्टर समजावून थकले. "सर, आजकाल असं नसते ना. बच्चेलोकांच्या करिअरचा सवाल आहे." सर म्हणायचे, "करिअर कराले सोमवार ते शनिवार आहे ना, डॉक्टर. रविवारी खेळू द्या."

मग डॉक्टरांना एक युक्ती सुचली, आणि तिथे आमच्या लेआउटची अक्कल उघडी पडली. सर जे बघतात त्यावरून जोड्या लावतात. तर पहिल्या रविवारी तिघा पोरांनी मुद्दाम वाईट खेळायचं. सर त्यांना शेवटच्या पोरांत धरतील, आणि शेवटच्यांची वाटणी कोण बारकाईने बघतो? तिघे एका रांगेत पडले तर काम झालं. डॉक्टरांनी हे दोन दोस्तांच्या बापांना विश्वासात घेऊन सांगितलं. आमच्याकडे विश्वासात घेऊन सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पाण्याच्या टाकीपलीकडे पोहोचते. घराघरातल्या प्रत्येक बापाला वाटलं, अरे, हे तर आपणही करू शकतो. प्रत्येकाने आपल्या पोराला बजावलं, "उद्या नीट खेळू नको, पन कोनाले सांगू नको." मला कोणी काही सांगितलं नाही. गौरीला वेगळं शिकवायची गरज आहे असं कोणाला वाटलं नसणार.

त्या सकाळी मैदानावर जे चाललं होतं त्याला फुटबॉल म्हणणं कठीण होतं. पोरं बॉलजवळ जायची आणि शेजारच्या हवेला लाथ मारायची. एकजण सपाट जमिनीवर तीनदा पडला. दोघांनी बुटाची नाडी बांधण्यात निम्मा वेळ घालवला. एकदा तर बॉल मैदानाच्या मध्यावर एकटाच पडून होता आणि चारी बाजूंना पोरं उभी, हात कोणी लावेना, पाय कोणी लावेना. कडेला बाप मंडळी आपापल्या पोराची फजिती बघून मनात खूश होती आणि दुसऱ्याच्या पोराकडे बघून गोंधळात पडली होती. "हा काहून इतका वाईट खेळून राहिला आज?" डॉक्टर शेजारच्याला विचारत होते. शेजारच्याचंही पोर तसंच खेळत होतं, त्यामुळे तो आभाळाकडे बघत होता.

तेवढ्यात गौरी पुढे झाली. तिला अडवायला कोणी आलं नाही, कारण अडवणं म्हणजे चांगलं खेळणं. ती बॉल घेऊन आपल्या गतीने चालत-पळत गोलपर्यंत गेली, सवयीप्रमाणे डोळे मिटले आणि लाथ मारली. गोलकीपरलाही घरून सूचना होती, तो अदबीने बाजूला झाला. गौरीने डोळे उघडले आणि विचारलं, "गेला?"

सरांनी शिट्टी वाजवली. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. रांगा लावायला उभे राहिले आणि पहिलं नाव घेतलं, "गौरी. आजची सगळ्यांत चांगली खेळाडू." माझी पोर मागे वळून बघायला लागली, दुसरी कोणी गौरी आली आहे का म्हणून. मग सरांनी प्रत्येकाला त्याने दाखवलं तेवढंच मोजलं आणि सगळ्यांत शेवटी वेदला वेगळ्या रांगेत उभं केलं, दोस्तांपासून दूर. "तुले आज पाय लागून नाई राहिला, बेटा. या महिन्यात तू मांगं उभा राह्य, आपल्या गोलाजवळ. हळूहळू शिकशीन." डॉक्टर खुर्चीतून उठले. "सर, वेद स्ट्रायकर आहे." "असन. आज तं नाई दिसला." "आज तो जरा..." एवढं बोलून डॉक्टरांना थांबावं लागलं. पोर नाटक करत होतं असं म्हणायचं, तर नाटक कोणी शिकवलं तेही सांगावं लागणार. बाकीचेही गप्प, कारण ज्याने तोंड उघडलं त्याचंच पितळ उघडं पडलं असतं. मी ओढणीचा बोळा तोंडात धरून हसत होते. इतकी सुखाची सकाळ मी फार दिवसांत पाहिली नव्हती.

त्या महिन्यात गौरी सामन्याच्या सुरुवातीला मैदानाच्या मध्यावर उभी राहायची, कारण पहिलं नाव तिचं होतं. तिचा खेळ सुधारला म्हणाल तर नाही. पण शाळेत जाताना ती पाठ ताठ ठेवून चालायला लागली. आणि वेद मागे उभा राहून पहिल्यांदाच पूर्ण मैदान बघायला शिकला. सरांनी हे काही बोलून दाखवलं नाही. मीच एकदा म्हटलं, "सर, मान सुधारली." ते म्हणाले, "हो. बापाच्या मेहरबानीनं."

डॉक्टर हा अपमान विसरले नाहीत. हसरी माणसं बहुतेक विसरत नाहीत. थंडी संपता संपता समाजभवनात पालकांची सभा बोलावली गेली. ट्रॅकसूट घातलेला एक तरुण प्रशिक्षक आणला होता. आता मैदानावर अकॅडमी सुरू होणार, पोरांचे दोन कायमचे संघ होणार, ए टीम आणि बी टीम, असं ठरून आलं होतं. आणि वाटणीसरांचा सत्कार. आपल्याकडे माणूस काढून टाकायचा असला की त्याला शाल पांघरतात. मी घरी बोंबलले होते, ग्रुपवर लिहिलं होतं, दोन-तीन बायकांना भेटून आले होते. सगळ्या म्हणाल्या, तुमचं बरोबर आहे हो, पण अकॅडमीचं सर्टिफिकेट मिळते ना.

डॉक्टरांनी नावं वाचली. ए टीममध्ये वेद, त्याचे दोस्त आणि समितीच्या सभासदांची पोरं. बी टीममध्ये उरलेले. सगळ्यात शेवटी, बी टीमच्या राखीव खेळाडूंत, गौरी. ती माझ्या शेजारी बसली होती. "आई, राखीव म्हणजे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "म्हणजे बघायचं." तिने मान हलवली आणि बुटांकडे पाहत राहिली. त्या वेळी माझ्या हातात काही असतं तर मी फेकून मारलं असतं.

मग सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, माइक बाजूला केला. "वाटे कोनं केले?"

"मी आणि कोचसाहेबांनी मिळून," डॉक्टर म्हणाले.

"चांगलं केलं. मंग आता ताई उचलतीन. उरलेली टीम तुमची."

लोक हसले. डॉक्टरही हसले. "सर मजाक करून राहिले."

"मजाक नाई. इतके साल तुमच्या पोरांनी असंच केलं ना?"

मी उभी राहिले. "मी ए टीम उचलते," मी म्हटलं. "बी टीम डॉक्टरांची."

"ताई, तसं नसते ना," डॉक्टर म्हणाले. "बी टीम घेऊन मी काय करू?"

"हेच तं," सर म्हणाले. "जो वाटा आपल्याले नको, तो दुसऱ्याच्या पोराले काहून देता?"

कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी त्या उचलून धरल्या. कौतुकाच्या टाळ्या नव्हत्या, तोंड बंद करायच्या होत्या. त्या आवाजातच डॉक्टरांनी सरांना शाल पांघरली आणि हातात नारळ दिला. सरांनी नारळ काखेत धरला, माकडटोपी वर सरकवली आणि कान धरला. "तुमच्या पोरांले शिकवलं," ते म्हणाले, "तुमाले शिकवाचं राहून गेलं. माही वाटणी हुकली." टाळ्या चालूच होत्या, त्यामुळे हे पुढच्या दोन रांगांनीच ऐकलं. त्या दोन रांगांत समिती बसली होती.

रविवार हातातून गेल्यावर सरांना नागपुरात राहायचं काही कारण उरलं नाही. गावी जातो म्हणाले, राहिलेल्या झाडांकडे. गौरी आणि मी एसटी स्टँडवर गेलो. निरोपाच्या वेळी माणसं काहीबाही मोठं बोलतात, सरांनी तसलं काही केलं नाही. "पिवळ्या बंड्या माह्या मुलाच्या गॅलरीत वाळत आहेत, तेवढ्या घेऊन घ्या," ते मला म्हणाले. गौरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "डोळे उघडे ठेवत जा वं पोरी. बॉल चावत नाई." गाडी हलली तेव्हा ते खिडकीतून बाहेर बघतही नव्हते, शेजाऱ्याशी सीटच्या जागेवरून वाद घालत होते. मी रस्त्यात रडले. गौरी नाही रडली.

अकॅडमीचा पहिला सामना ए विरुद्ध बी. कडेला आता बाक आले होते, दोन्ही संघांच्या राखीव पोरांसाठी, नवे कोरे, निळे. गौरी बुटांच्या नाड्या घट्ट बांधून बाकावर बसली आणि बसूनच राहिली. मैदानात जे झालं ते व्हायचंच होतं. मध्यंतरापर्यंत ए टीमने सहा गोल चढवले आणि बी टीमची पोरं एकमेकांवर खेकसायला लागली. पालक उभे राहून ओरडत होते. डॉक्टरांनी दुकानातून संत्रा बर्फीचे डबे आणून ठेवले होते, जिंकण्याची इतकी खात्री. प्रत्येक पोराला मध्यंतराला एक पाकीट मिळालं, त्यात एक बिस्किटाचा पुडा आणि एक अख्खं संत्रं. कोणाला कोणाशी वाटून खायची गरज नाही अशी उत्तम सोय केली होती.

वेद प्रशिक्षकाकडे गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं, कारण मी गौरीच्या बाकामागेच उभी होते. "सर, मी आता तिकून खेळू?" प्रशिक्षक म्हणाला, असा नियम नसतो. वेदने थोडा विचार केला, ए टीमची बंडी काढून त्याच्या हातात दिली आणि बी टीमच्या बाकावर येऊन गौरीच्या शेजारी बसला. डॉक्टर पळत आले. ते पळू शकतात हे मला तेव्हा कळलं. "वेद, काय करून राहिला तू? ऊठ." वेद उठला नाही. त्याने पाकिटातलं संत्रं काढलं, सोललं, दोन भाग केले, दोन तळहातांवर तोलून पाहिले आणि गौरीपुढे धरले. गौरीने डोळे उघडे ठेवून दोन्ही भागांकडे नीट पाहिलं आणि एक उचलला. डॉक्टर त्या पोराच्या हातातल्या उरलेल्या भागाकडे बघत राहिले. त्यांना काही कळलं नसेल. माझी तशी अपेक्षाही नाही.

सामना आठ-शून्य सुटला. बर्फी वाटली गेली, फोटो निघाले, ग्रुपवर ट्रॉफीची चित्रं पडली. मी एकही तुकडा घेतला नाही, आणि संत्रा बर्फी मला फार आवडते.

संध्याकाळी मी सरांना फोन केला. मागे कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती. तुमच्याकडे पाणी लागलं का म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, भावाची आहे, पाइप त्यानं आपल्या मनानं इकडे टाकला. मग मी सगळा राग ओकला. आठ-शून्य झालं, लोक नाचले, बर्फी वाटली. सर ऐकत होते. शेवटी एवढंच विचारलं, "कान कोनं धरला?"

"कोणी नाही, सर," मी म्हटलं. मग वेदची गोष्ट सांगितली, बंडी काढून दिली इथपासून संत्र्याच्या दोन भागांपर्यंत.

"पोरीनं कोन्ता भाग उचलला?" सरांनी विचारलं.

"मोठा."

"म्हंजे एक मोठा होता," सर म्हणाले. "पोराची वाटणी हुकली. सांगजा त्याले."

पुढच्या रविवारी मी वेदला मैदानाच्या फाटकाशी गाठलं आणि निरोप सांगितला, सरांनी सांगितला तसाच. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. पलीकडे त्याचे वडील खुर्ची उघडत होते, त्यांच्या देखत त्याने हात वर नेला आणि कान धरला.